घरगुती लोहकामाचीं हत्यारें

जळगांव जिल्ह्यांतील बोदवड हें कपाशीच्या काळ्या जमिनीचें गांव. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर तें वसलेलें आहे, तो मार्ग 1867 मध्यें नागपूरपर्यंत पोंचला. अशा मुलुखांत लोखंडाचें काम ही हौसेची बाब नसून हंगामाची निकड असते. मृगाच्या सरी पडून वाफसा झाला आणि नेमकी त्याच दिवशीं वखराची पास वाकली, तर पेरणी खोळंबते. वाफसा मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. शहरांतील गृहस्थाची अडचण इतकी तीव्र नसली, तरी तिची जात तीच. दाराची बिजागरी निखळते, खिडकीचा गज सुटतो, आणि अर्ध्या तासाच्या कामासाठीं कारागिराची चार दिवस वाट पाहावी लागते. म्हणून घरांतच लोहकामाची लहानशी जागा असावी, असें पुष्कळांच्या मनांत येतें. मग प्रश्न उरतो तो हत्यारांचा. बाजारांत तीं अगणित आहेत. त्यांतलीं आधीं कोणतीं घ्यावीं?

नवशिक्याची दृष्टि प्रथम कापणाऱ्या हत्यारांकडे जाते. जाणत्या कारागिराचा क्रम याच्या उलट असतो: आधीं धरणें, मग आंखणें आणि शेवटीं कापणें. गांवच्या लोहाराकडे पाहिलें तरी हें ध्यानांत येतें. त्याचा हातोडा कितीही चांगला असो, डाव्या हातांतील सांडशी ढिली असली कीं ऐरणीवरचा घाव वायां जातो. घरीं सांडशीचें हें काम शेगडा करतो. म्हणून पहिला पैसा शेगड्यावर खर्चावा. चार इंची जबड्याचा शेगडा घरच्या बहुतेक कामांस पुरतो. तो जड मेजावर, मेजाच्या पायाच्या वरच बोल्टांनीं पक्का बसवावा. उभ्यानें काम करणाऱ्याच्या कोपराइतकी जबड्याची उंची ठेवली, म्हणजे पाठ वांकत नाहीं आणि कानस सरळ चालते. पितळेसारखी मऊ वस्तु धरतांना जबड्यांवर तांब्याच्या पत्र्याचे गाल चढवावे. वस्तूवर ओरखडे उठत नाहींत.

दुसरा मान आंखणीच्या हत्यारांचा. पोलादी पट्टी, गुण्या आणि टोंकदार आंखणी एवढीं तीन पुरेशीं होतात. लोखंडावर रेघ नीट दिसत नसेल, तर जुन्या कारागिरांची एक युक्ति आहे. स्वच्छ घांसलेल्या लोखंडावर मोरचुदाचें पाणी फिरविलें, कीं तांब्याचा पातळ लाल थर चढतो. त्यावर ओढलेली रेघ पांढरी चकाकते. जेथें भोंक पाडावयाचें, तेथें पोगरानें आधीं एक खोलगट टिंब उठवावें. तें नसेल तर गिरमिटाचें टोंक घसरून भलतीकडे जातें, आणि चुकलेलें भोंक बुजवितां येत नाहीं.

यानंतर कापणाऱ्या हत्यारांची पाळी. लोखंडाच्या करवतीचें पातें लावतांना दांत्यांचीं टोंकें मुठीपासून पुढें वळलेलीं असावीं, कारण ही करवत पुढें ढकलतांना कापते. कापावयाच्या जाडीवर निदान तीन दांते एका वेळीं टेकले पाहिजेत. म्हणून पातळ पत्र्यास बारीक दांत्यांचें पातें घ्यावें, नाहीं तर दांते पत्र्यांत अडकून तुटतात. कानसही पुढें जातांनाच कापते. परततांना तिच्यावर भार दिल्यास दांते उगीच बोथटतात. तिच्यावर खडू घांसून ठेवल्यास धातूचा कीस दांत्यांत रुतत नाहीं. मुठीवांचून कानस हातीं घेऊं नये. तिचें अणकुचीदार शेंपूट तळव्यांत घुसतें.

छिन्नी विकत मिळते. पण धार गेल्यावर तिला पुन्हां पाणी देतां आलें पाहिजे. पोलादांत कर्ब पुरेसा असेल तरच तें अशा रीतीनें कठीण होतें. मऊ लोखंडावर हा खटाटोप व्यर्थ. तापून लाल झालेल्या टोंकास लोहचुंबक चिकटेनासा झाला, म्हणजे उष्णता 770 अंश सेल्सिअसच्या सुमारास पोंचली असें समजावें. आणखी किंचित् तापवून टोंक पाण्यांत बुडवितात. आतां धार कठीण होते, पण कांचेसारखी ठिसूळही होते. म्हणून ती घांसून उजळ करावी व पुन्हां हळूहळू तापवावी. तिच्यावर रंग चढूं लागतात: 230 अंशांच्या सुमारास गवती पिवळा, मग तपकिरी, 280 च्या सुमारास जांभळा आणि 300 च्या सुमारास निळा. छिन्नीस जांभळा रंग आला, कीं तत्काळ पाण्यांत घालावी. धार टिकणें किंवा तुटणें हें या क्षणावर अवलंबून असतें.

विजेवरचा ग्राइंडर आज घरोघरीं येऊं लागला आहे. काम झपाट्यानें करणारें हें हत्यार बेसावधपणास क्षमा करीत नाहीं. 100 मिलिमीटरची चकती मिनिटास सुमारें 11,000 फेरे घेते. म्हणजे तिचा कांठ ताशीं 200 किलोमीटरहून अधिक वेगानें धांवतो. फुटलेल्या चकतीचा तुकडा त्याच वेगानें सुटतो. म्हणून तिच्यावरचें झांकण काढूं नये, डोळ्यांवर चष्मा असल्यावांचून कळ दाबूं नये, आणि सैल पदर किंवा उपरणें जवळ येऊं देऊं नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बंद खोलीत जोडूं नये. त्याच्या धुरानें ताप भरतो.

घरांत शाळकरी मुलें असतील, तर त्यांच्या हातीं प्रथम कानस द्यावी. लोखंडाच्या तुकड्याची एक बाजू सपाट करून ती गुण्यानें पारखावयास लावावी. गुण्या आणि लोखंड यांमधून उजेड दिसेनासा होईपर्यंत मूल पुन्हां पुन्हां घांसतें, आणि आपलें काम आपणच तपासण्याची संवय त्यास लागते. काम आटोपल्यावर प्रत्येक हत्यार कोरडें पुसून, तेलाचा हात फिरवून आपल्या खुंटीवर टांगावें. मात्र कानशीस तेल लावूं नये, तिला कोरडेंच ठेवावें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एवढी काळजी घेतली, तर एकदां घेतलेलीं हत्यारें पुढील पिढीच्याही उपयोगीं पडतात.