कॉर्नासच्या पेल्यातली मिरी

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या पश्चिम काठावर, आर्देश जिल्ह्यात, कॉर्नास नावाचं छोटंसं गाव आहे. गावामागच्या ग्रॅनाइटच्या उभ्या उतारांवर सिराह द्राक्षाचे मळे आहेत. बाटलीवर ‘कॉर्नास’ लिहायचं तर दुसरं द्राक्ष चालतच नाही. त्याच जिल्ह्याच्या रानात चेस्टनट खाऊन माजलेली रानडुकरं फिरतात. शिकारीचा मोसम आला की घरोघरी ‘सिव्हे’ शिजतं. मांस रात्रभर लाल वाइनमध्ये कांदा, गाजर, थाइम, बे लीफ आणि मिरीसोबत मुरवायचं, मंद आचेवर तासन्‌तास रटरटू द्यायचं, आणि जुन्या रीतीप्रमाणे शेवटी रक्त घालून रस्सा दाट करायचा. सोबत तिथलीच वाइन.

सिराहला मिरीचा वास येतो, असं वाइन चाखणारे फार पूर्वीपासून म्हणत. ऐकणाऱ्याला तो शब्दांचा फुलोरा वाटे. पण 2008 साली ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तो वास खरोखरच मिरीचा आहे! रोटंडोन नावाचं एक द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं. तेच मिरीत, तेच थाइममध्ये. नागरमोथ्याच्या कंदात तर ते त्याआधीच सापडलं होतं, हो, आपल्या दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा. आणि लागतं किती? लाल वाइनच्या लिटरमागे 16 नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. म्हणजे 1 ग्रॅम रोटंडोन 6 कोटी लिटरांहून जास्त वाइनला पुरेल. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिला, तरी थक्क व्हायचं काही थांबत नाही. पातेल्यात मिरी आणि थाइम स्वयंपाकघरातून आले, पेल्यात तोच वास डोंगरउतारावरून आला.

तुरटपणाची गोष्टही तितकीच सुरेख. सिराहमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ आवळल्यासारखी होते. रानडुक्कर जन्मभर धावतं. त्याच्या चिवट मांसातलं कोलॅजन शिजून शिजून जिलेटिन होतं, ओठांना चिकटतं ते हेच. टॅनिनला जिलेटिनही चालतं. वाइन फार तुरट झाली तर बनवणारे पिंपात जिलेटिन घालतात. इथे ते काम रस्साच करतो.

2008च्या अभ्यासातल्या सुमारे 20 टक्के लोकांना मात्र रोटंडोनचा वास आलाच नाही, साध्या पाण्यात लिटरमागे 4,000 नॅनोग्रॅम घालूनसुद्धा! एकाच बाटलीतून ओतलेल्या दोन पेल्यांपैकी एकात मिरी असते, शेजारच्यात नसते.

आपल्याकडे 1972च्या कायद्यामुळे रानडुकराची शिकार मनाला येईल तशी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हेच द्राक्ष नाशिकला शिराझ नावाने पिकतं. नळीचं मटण मिरी घालून सावकाश शिजवा, शिराझ उघडा, आणि पंगतीतल्या प्रत्येकाला विचारा: मिरीचा वास येतोय का?