आधी डोकं, मग रॅकेट!

मुलांनो, वसईचा किल्ला पाहिलाय ना? शाळेच्या सहलीत नाहीतर सुट्टीत आईबाबांबरोबर गेला असालच. आता सांगा, १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून कसा घेतला? पहिल्याच दिवशी तटावर धडक मारून? छे! मोहीम दोन वर्षं चालली. आधी ठाणं आणि अर्नाळा, मग माहीम, तारापूर अशी आसपासची ठिकाणं घेतली. वसई एकटी पडत गेली. मग वेढा, आणि शेवटी तटाला सुरुंग!

हा सगळा बेत म्हणजे व्यूह. आणि सुरुंग नेमका कुठं, कधी लावायचा, तो झाला डाव. टेनिसच्या एकेरीत हे दोन्ही लागतं. तिथं जोडीदार नसतो. तुम्हीच सेनापती, तुम्हीच सैनिक!

आधी रणांगण बघू. एकेरीचं कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. जाळी खांबांपाशी साडेतीन फूट उंच, मधोमध मात्र तीनच फूट. म्हणजे चेंडू तिरका मारला, की तो जाळीच्या ठेंगण्या भागावरून जातो. शिवाय आठवा आपले पायथागोरस! ७८चा वर्ग अधिक २७चा वर्ग, त्याचं वर्गमूळ किती? जवळजवळ साडेब्याऐंशी. सरळ मारण्यापेक्षा तिरकं मारताना साडेचार फूट जास्त जागा मिळते. चूक व्हायची शक्यता कमी. आहे की नाही गंमत?

आता दुसरी गोष्ट. फटका मारून झाला, की उभं कुठं राहायचं? कोर्टाच्या बरोब्बर मध्यावर? नाही हं! समोरच्याचा चेंडू कुठून कुठपर्यंत येऊ शकतो ते बघायचं आणि त्या जागेच्या मध्यावर थांबायचं. उजव्या कोपऱ्यातून तिरका फटका मारलात, तर ही जागा मध्याच्या थोडी उजवीकडेच येते. चार पावलांत पोचता. सरळ मारलात, तर मध्य ओलांडून पलीकडे पळावं लागतं. म्हणून सरळ फटका राखून ठेवायचा. समोरच्याचा चेंडू आखूड पडला आणि तुम्ही पुढं आलात, की तो वापरायचा.

हे झालं कोर्टाचं. पण खरा व्यूह रचायचा तो समोरच्या खेळाडूला ओळखून. १९७५च्या विम्बल्डनची अंतिम लढत बघा. एकीकडे २२ वर्षांचा जिमी कॉनर्स, आदल्या वर्षीचा विजेता. दुसरीकडे ३१ वर्षांचा आर्थर अ‍ॅश. आधी तीनदा खेळून तिन्ही वेळा कॉनर्सकडून हरलेला! अ‍ॅश स्वतः जोरात मारणारा खेळाडू. पण कॉनर्सला वेगवान चेंडूच आवडायचा. समोरच्याचा वेग उचलून तो दुप्पट जोरानं परत करायचा. म्हणून मित्रांशी बोलून अ‍ॅशनं बेत आखला, वेग द्यायचाच नाही! हळू, खाली राहणारे चेंडू कॉनर्सच्या फोरहँडला. तो पुढं आला, की डोक्यावरून लॉब. आणि सर्व्हिस बाहेर वळवून डावखुऱ्या कॉनर्सला कोर्टाबाहेर ओढायचं.

पहिले दोन सेट अ‍ॅशनं ६-१, ६-१ घेतले. तिसरा कॉनर्सनं ७-५ जिंकला. चौथ्यात तर कॉनर्स ३-० पुढं! आपण असतो तर घाबरून बेत सोडला असता. अ‍ॅशनं सोडला नाही. बाजू बदलताना तो डोळे मिटून शांत बसायचा. चौथा सेट त्यानं ६-४ घेतला. विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

आपला लिअँडर पेस घ्या. त्याचे वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे. लिअँडरची सर्व्हिस काही तोफगोळा नव्हती. त्याचं बळ होतं चपळ पायांत आणि जाळीजवळच्या व्हॉलीत. त्यानं तेच बळ घासून धारदार केलं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदकाच्या लढतीत, दुखऱ्या मनगटानं खेळताना, ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट त्यानं ३-६ गमावला. पुढचे दोन ६-२, ६-४ जिंकले! १९५२मध्ये आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं होतं. त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक.

तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडे कुठंय टेनिसचं कोर्ट?’ नसू दे. टेनिसचा चेंडू तर घरोघरी असतो, क्रिकेटसाठी! अंगणात खडूनं चौकट आखा, मधे दोरी बांधा, हातात लाकडी फळी घ्या. पहिले दहा गुण जिंकायच्या मागं लागू नका. फक्त बघा. समोरच्याचा कुठला हात कच्चा? पुढं यायला तो आळस करतो का? दमला की काय करतो? मग एकच बेत ठरवा आणि एक-दोन गुण गेले तरी तो लगेच सोडू नका. अंगानं लहान असणाऱ्यालाही मोठ्याला हरवायची वाट यातूनच सापडते.

आणि पालकहो, मूल हरून घरी आलं, की ‘किती गुणांनी हरलास?’ असं विचारू नका. ‘समोरच्याच्या खेळात तुला काय दिसलं?’ असं विचारा. त्याच्या उत्तरातून उद्याचा डाव तयार होईल.