टाकून द्यायच्या द्रावातून पडद्याची परीक्षा

प्रयोगशाळेतील गाळणीचा पडदा खराब झाला की आपण तो बदलतो. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये मात्र रुग्णाच्या पोटातील पेरिटोनियम हे आवरणच पडद्याचे काम करते. ते बदलता येत नाही. पोटात साधारण २ लिटर ग्लुकोजयुक्त द्राव सोडतात. रक्तातील युरिया व क्रिएटिनिन त्यात उतरतात, ग्लुकोजमुळे होणाऱ्या परासरणाने जादा पाणीही येते. काही तासांनी हा द्राव काढून टाकतात. पडद्याचा तुकडा वारंवार कापून तपासता येत नाही, पण या द्रावातून त्याची स्थिती कळू शकते.

१. वहनाचा वेग : १९८७ मध्ये ट्वार्डोव्स्की व सहकाऱ्यांनी मांडलेल्या चाचणीत ४ तासांनी द्रावातील आणि रक्तातील क्रिएटिनिनचे गुणोत्तर काढतात. समजा, ते अनुक्रमे ६ व ८ आहे, गुणोत्तर ०.७५. हे ०.८१ च्या वर गेले तर पडदा 'जलद वाहक' ठरतो. जलद म्हणजे उत्तम, असे समजू नका. ग्लुकोजही तितक्याच लवकर रक्तात जाते, पाण्याची ओढ संपते आणि रुग्णाच्या अंगावर सूज येऊ शकते.

२. पाण्याची वाट : ॲक्वापोरिन-१ या सूक्ष्म वाटेने फक्त पाणी जाते, मीठ नाही. म्हणून तीव्र ग्लुकोज द्राव सोडल्यावर पहिल्या तासात द्रावातील सोडियमची संहती घटते. ही घट फारशी दिसली नाही, तर शुद्ध पाण्याचे वहन मंदावल्याची शंका घ्यावी.

३. पेशींची खूण : आवरणाच्या मेसोथेलियल पेशी सीए-१२५ हे प्रथिन द्रावात सोडतात. इंटरल्युकिन-६ स्थानिक दाह सुचवते. या दोन्हींसाठी सुई टोचावी लागत नाही.

आता मापनशास्त्रातील नियम आठवा : एका वाचनावर निष्कर्ष काढू नये. द्राव जास्त वेळ पोटात राहिला तर सीए-१२५ वाढते, जंतुसंसर्गातही ते तात्पुरते वाढते. शिवाय व्यक्तीगणिक फरक असतोच. म्हणून तोच द्राव, तितकाच वेळ ठेवून त्याच रुग्णाची वाचने महिनोन्‌महिने ताडून पाहावी लागतात. सतत उतरणारा आलेख पेशी कमी होत असल्याचा इशारा देतो.

स्वाध्याय : द्रावातील क्रिएटिनिन ७.२ व रक्तातील ८ असलेल्या रुग्णाच्या पोटात द्राव २ तास ठेवावा की ६ तास? सकारण लिहा.