मुखकर्करोगाची अल्पछेदी शस्त्रक्रिया आणि वाणीचे रक्षण

मुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत छेद लहान ठेवावा व वण कमी राहावा, असा जो प्रयत्न केला जातो, त्याकडे केवळ सौंदर्यरक्षणाच्या दृष्टीने पाहणे अपुरे होय. मुख हे अन्नग्रहणाचे द्वार, तसेच वर्णोच्चाराचे स्थान आहे. तेथे पडलेला वण उच्चारातही उमटण्याचा संभव असतो.

जिभेच्या मागील भागातील गाठीपर्यंत पोहोचण्याकरिता खालचा ओठ मध्यभागी चिरून, छेद हनुवटीवरून मानेपर्यंत नेऊन, जबड्याचे हाड दुभंगण्याची पद्धत रूढ होती. मोठ्या गाठींसाठी ती आजही अवलंबावी लागते. गाठ लहान व सहज दिसणारी असल्यास मात्र ती उघड्या तोंडातूनच काढता येते. त्यामुळे ओठ अखंड राहून प, ब, म या ओष्ठ्य वर्णांस आधार राहतो. अर्थात् मार्ग बदलला तरी गाठीभोवतीची सुमारे १ सेंटिमीटर निरोगी ऊती काढावीच लागते.

जिभेची गोष्ट निराळी आहे. ‘स’ उच्चारताना तिच्या कडा वरच्या दाढांना टेकतात व हवा मधल्या पन्हळीतून जाते. जिभेचा कर्करोग बहुधा कडेलाच उद्भवतो. कड गेली की हवा बाजूने निसटते. ट, ड, ळ यांसाठी टोक वर वळावे लागते. वण आक्रसून टोक खाली जखडले गेल्यास हे वर्ण साधत नाहीत. यास्तव वण दिसतो की नाही, यापेक्षा उरलेली जीभ किती मोकळी हलते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

मानेच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. १९०६ मध्ये जॉर्ज क्राइल या अमेरिकन शल्यविशारदांनी मांडलेल्या शस्त्रक्रियेत लसिकाग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, आतील नीला व खांदा उचलणारा मज्जातंतू हेही काढले जात. १९६३ मध्ये अर्जेंटिनातील ओस्वाल्डो सुआरेस यांनी ही अंगे राखण्याची रीत प्रसिद्ध केली. तथापि राखणे म्हणजे टाळणे नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, प्राथमिक अवस्थेतील ५०० रुग्णांच्या अभ्यासात, ग्रंथी आरंभीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ८० टक्के होते. ग्रंथींत रोग दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ते ६७.५ टक्के होते. पुढे, रोग प्रथम जिच्यात शिरण्याचा संभव असतो ती ग्रंथी शोधून तपासावी आणि तीत रोग आढळला तरच इतर ग्रंथी काढाव्यात, या पद्धतीने रुग्णांचे आयुर्मान घटत नाही, असे फ्रान्समधील २०२० च्या व जपानमधील २०२१ च्या अभ्यासांनी दाखविले.

आपल्याकडे आणखी एक अडचण संभवते. सुपारीच्या सेवनाने गालांची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, आणि मग तोंडातून जाण्याचा मार्गच अरुंद होतो. अल्पछेदाचा लाभ मुख्यतः वेळेवर आलेल्या रुग्णासच मिळतो. म्हणून तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम वैद्यास दाखविणे, हाच वाणीच्या रक्षणाचा पहिला उपाय होय.