मंडपातला मिक्सर आणि शेवटची रांग

भाद्रपद लागला की आमच्या साकेत नगरात एक वाक्य हमखास कानी पडते. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!’ असे म्हणणारा तरुण माइकच्या जाळीवर दोन टिचक्या मारतो, फुंकर घालतो, आणि आवाज निघाला की समाधान पावतो. श्रोते हो, आवाज निघणे आणि बोललेले ऐकू जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हे मी तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर एकदा चांगलाच फजीत झालेला शिक्षक या नात्याने सांगत आहे.

काही वर्षांपूर्वी एका पटांगणात आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचा निरोपसमारंभ होता. बाईंनी तेहेतीस वर्षे वर्गात शिकविले. व्यासपीठावर बोलावयास मात्र त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या बोलणार होत्या. यंत्राची व्यवस्था माझ्याकडे होती. मागच्या रांगांना नीट ऐकू यावे या सद्‍हेतूने मी दोन स्पीकरांच्या जोडीला शेजारून मागून आणलेला तिसरा स्पीकर जोडला. पहिली दहा मिनिटे उत्तम गेली. बाई आपल्या पहिल्या वर्गाची हकीकत सांगू लागल्या, आणि यंत्र एकाएकी मुके झाले. बाई थांबल्या नाहीत. आपल्या मूळच्या बारीक आवाजात त्या बोलत राहिल्या. पण तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द पोहोचला नाही. त्यांचे जुने विद्यार्थी सर्वांत मागे उभे होते. त्यांना पुढे बोलवावे, हेही त्या गडबडीत कोणास सुचले नाही.

यंत्र बिघडले नव्हते. त्याने स्वतःचा जीव वाचविला होता.

ज्यास ‘पॉवर्ड मिक्सर’ म्हणतात त्यात दोन यंत्रे एकाच पेटाऱ्यात बसविलेली असतात. एक मिक्सर; तो निरनिराळ्या माइकांतून येणारे क्षीण विद्युत्‌संकेत एकत्र करतो आणि प्रत्येकाचा लहानमोठेपणा वेगळा ठरवू देतो. दुसरा ॲम्प्लिफायर, तो त्या संकेतास स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ देतो. लहान मंडळांना, शाळांना, चर्चमधल्या गायकवृंदाला ही सोय मोठी. एक पेटारा उचलला की काम झाले. पण बळ देणारा भाग तापून थांबला की सारेच थांबते.

तो तापतो का, हे आठवीनववीतल्या मुलालाही कळण्यासारखे आहे. स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ असे लिहिलेले असते. हा त्याचा रोध. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध वाढत नाही, उलट ४ ओहमवर येतो; तीन जोडले की सुमारे २.७ ओहम. रोध जितका कमी, तितका विजेचा प्रवाह अधिक. माझ्या यंत्रावर, स्पीकर जोडण्याच्या भोकाशेजारीच, ‘किमान ४ ओहम’ असे स्वच्छ छापलेले होते. मी ते वाचलेले नव्हते. मुलांना प्रश्नपत्रिकेवरील सूचना वाचावयास सांगणारा मनुष्य मी!

आता आणखी एक घोटाळा होऊ लागला आहे. आतच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर सध्या सर्रास मिळतात. त्यांना पॉवर्ड मिक्सरच्या स्पीकरच्या भोकातून कधीही जोडू नये. वाढविलेला प्रवाह पुन्हा वाढविणाऱ्यात शिरतो आणि एक तरी यंत्र जळते. तारेचेही तसेच. माइकची किंवा गिटारची तार बाहेरून जाड दिसली तरी तिच्या आतला धागा बारीक असतो. ती स्पीकरला लावली तर तापते. स्पीकरला स्पीकरचीच तार हवी.

मांडणीत मुख्य शत्रू ती कानठळ्या बसविणारी शीळ. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकात शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून निघतो, आणि हे चक्र थांबत नाही. म्हणून स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, बसलेल्यांच्या डोक्यांहून उंच ठेवावेत. लोक ते शोभेसाठी वक्त्याच्या पाठीमागे ठेवतात आणि मग यंत्राला बोल लावतात. दुसरा उपाय अगदी फुकट आहे, तो म्हणजे माइकच्या जवळ येणे. तोंड व माइक यांतील अंतर निम्मे केले की माइकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि तितके बटण खाली आणता येते. उलट, एकाऐवजी दोन माइक उघडे ठेवले की शीळ येण्यापूर्वीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते. ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद ठेवावा. काही गायक माइकची जाळीच मुठीत धरतात. त्यामुळे समोरचेच ऐकण्याचा माइकचा गुण जातो, तो चहूकडचे ऐकू लागतो, आणि शीळ ठरलेली.

सुरुवात करताना सर्व बटणे शून्यावर असावीत. कीबोर्ड वगैरे आधी चालू करावे, मिक्सर शेवटी. बंद करताना मात्र मिक्सर सर्वांत आधी. नाहीतर ‘धप्प’ असा धक्का स्पीकरला बसतो. मग वक्त्याला कार्यक्रमात बोलेल त्याच जोराने बोलावयास लावावे आणि ‘गेन’चे बटण तांबडा दिवा क्वचित लुकलुकेपर्यंत वाढवून थोडे मागे घ्यावे. दिवा सतत पेटत असेल तर आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाने तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर जळतो. बोलण्यासाठी खालचे, घुमणारे स्वर कापणारे बटण जरूर दाबावे. शब्द घुमण्याने नव्हे, व्यंजनांनी कळतो.

एका गोष्टीविषयी मात्र थट्टा नको. विजेच्या प्लगचा तिसरा, जाड खिळा काढून टाकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. गुरगुर थांबते म्हणून तो काढतात. तो अर्थिंगचा आहे. आत कोठे बिघाड झाला तर २३० व्होल्टचा मार्ग माइकच्या धातूतून गायकाच्या ओठांपर्यंत पोहोचतो. गुरगुर घालवावयाची तर सारी यंत्रे एकाच ठिकाणच्या विजेवर घ्यावीत आणि माइकच्या तारा विजेच्या तारांपासून दूर न्याव्यात.

आणि आवाज किती असावा? आमच्या साकेत नगरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय आहे. मंडपाच्या शेवटच्या रांगेच्या पलीकडेही कोणीतरी पडून असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ व रात्रीची ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४०. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, एवढेच. मध्य प्रदेश सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीचे कडक आदेश काढले, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. मला त्यात गैर दिसले नाही. स्पीकर योग्य जागी असले तर कमी आवाजातही शेवटच्या रांगेला शब्द कळतो. नसले तर मोहल्ला हादरतो आणि शब्द कळत नाही तो नाहीच.

निगेचे म्हणाल तर धूळ आणि दमट हवा हे दोन वैरी. चालू असताना यंत्रावर कापड टाकू नये, हवेच्या फटी मोकळ्या असाव्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तासभर चालू करून प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा पूर्ण फिरवावे. खरखर पुष्कळदा एवढ्यानेच जाते. तारा कोपराभोवती गच्च गुंडाळू नयेत, आतले धागे तुटतात. सैल वेटोळे करावे. जी तार रुसली तिला तेथल्या तेथे गाठ मारून बाजूला ठेवावी, म्हणजे पुढच्या कार्यक्रमात ती पुन्हा हाती येत नाही. पेटारा मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरांत काही वेळ वीज साठून असते. ते काम कारागिराचे.

त्या बाई पुढे एकदा भेटल्या. मी क्षमा मागू लागलो, तर त्या म्हणाल्या, ‘अहो सर, वर्गात तरी मागच्या बाकाला कुठे ऐकू जात होते?’ या महिन्यात त्यांना आमच्या शाळेत पुन्हा बोलाविले आहे. स्पीकर दोनच लावणार आहे.