केस गळतात? आधी तीन महिने मागे वळून पाहा

सकाळी फणीत केसांचा पुंजका दिसला की काळजात धस्स होते. मग शेजारीण एक तेल सुचवते, मावशी दुसरे आणि जाहिरात तिसरे. बाटल्या बदलत राहतात. परंतु केस मुळात का गळतात, याचा शोध बहुधा घेतला जात नाही. केवळ तेलावर भिस्त ठेवल्यास एखादा खरा आजार अंगात लपून राहू शकतो.

माणसाच्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो व गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे.

तापानंतर, बाळंतपणानंतर

शरीराला मोठा धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया किंवा कोविडचा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, वजन कमी करण्यासाठी केलेली उपासमार ही त्याची नेहमीची कारणे होत. मात्र हे केस लगेच न गळता दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर आजार विसरला जातो आणि दोष पाण्याला किंवा साबणाला दिला जातो. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात जे तेल चालू असेल, त्याला फुकटचे श्रेय मिळते!

रक्त कमी असणे

स्त्रियांच्या बाबतीत हे कारण फार महत्त्वाचे आहे. पाळीत अंगावरून जास्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे, सर्वांना वाढून उरलेसुरले खाणे यांमुळे शरीरातील लोह कमी होते. केस गळण्याबरोबर थकवा, जिना चढताना धाप, डोळ्यांच्या आतील कडा पांढुरक्या दिसणे अशी लक्षणे असल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पुरुषांत लोह कमी आढळल्यास मूळव्याधीसारखा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहावे लागते.

वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, पाळी अनियमित होणे ही लक्षणे सोबत असतील तर थायरॉईडची तपासणी करावी.

आनुवंशिक टक्कल

पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात व टाळू विरळ होते. स्त्रियांत भांग रुंदावतो. हा गुण आईकडून किंवा वडिलांकडून, कोणाकडूनही येतो. यावर औषधे आहेत. परंतु ती दीर्घकाळ घ्यावी लागतात व बंद केल्यास लाभ ओसरतो.

चाई आणि गजकर्ण

डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, ती चाई. तेथील केस किडा खातो, हा समज चुकीचा आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. चट्ट्यावर लसूण किंवा जहाल पदार्थ चोळून कातडी भाजून घेऊ नये. मुलांच्या डोक्यात खाज, खवले व तुटके केस दिसले तर ते गजकर्ण असू शकते. त्याला केवळ मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. घरात फणी व टॉवेल वेगळे ठेवावेत.

गावात एकदम गळती झाली तर

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील अनेक गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडल्याचे आपण वाचले असेल. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम हे द्रव्य प्रमाणाबाहेर आढळल्याचे त्यांनी सांगितले. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते, पण जास्त झाल्यास केस व नखे गळतात. म्हणून केसांसाठीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. एकाच वेळी अनेकांचे केस गळू लागल्यास आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे.

काय करावे?

डाळी, उसळी, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे, चालत असल्यास अंडी-मासे आहारात ठेवावेत. जेवणात लिंबू पिळावे; जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. केस ताणून घट्ट वेणी किंवा अंबाडा रोज घालू नये. तेलाने केस मऊ राहतात, परंतु त्याने रक्त वाढत नाही. गोटा केल्यानेही केस दाट होत नाहीत.

गळती सहा महिन्यांहून अधिक टिकली, चट्टे पडले किंवा वर सांगितलेली इतर लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. जाताना गेल्या तीन-चार महिन्यांतील आजार व औषधे कागदावर लिहून न्यावीत. निम्मे निदान त्या कागदावरच होते.