नकाशाने दिली साक्ष

पाण्यासाठी काय सोसावे लागते, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. पण अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, ओहायो राज्यातील झेन्सव्हिल शहरालगतच्या कोल रन वस्तीत कृष्णवर्णीयांच्या घरी नळ आला तो २००४ साली!

तोवर ही माणसे गाडीवरून पाणी वाहून आणीत, छपरावरचे पावसाचे पाणी हौदात साठवीत. जुन्या कोळसा खाणींमुळे विहिरी बिघडलेल्या. जवळच्याच गोऱ्यांच्या घरी मात्र नळ. अधिकारी भेदभाव झाल्याचे मान्यच करीत नव्हते.

लोक कोर्टात गेले. तेथे कामी आले ते संगणकावरचे नकाशे. या तंत्राला जीआयएस म्हणतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे ते असते. एका थरावर घरे, दुसऱ्यावर नळजोडण्या, तिसऱ्यावर त्या घरात राहणारे काळे की गोरे. सुटे सुटे पाहिले तर ही नुसती दफ्तरी माहिती. एकत्र ठेवली, तेव्हा नळ कोणाच्या दारापर्यंत आला आणि कोणाला टाळून गेला, ते ज्यूरीने डोळ्यांनी पाहिले. सीडर ग्रोव्ह इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी हे नकाशे तयार केले होते.

जुलै २००८ मध्ये ज्यूरीने ६७ रहिवाशांना सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई ठरवली. तहान मात्र पन्नास वर्षांची होती.

असे नकाशे करण्याचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्यावर पहिला नकाशा आपल्याच वस्तीच्या नळांचा आणि गटारांचा करून पाहावा.